फरातकाठची मूठभर माती

गुलिझारआजीची आणि माझी ओळख भांडणातून झाली. वॉटफर्डला कौन्सिल भाजीपाला लावायला जमिनीच्या पट्ट्या भाड्याने देते, अलॉटमेंट म्हणतात त्याला. माझी मेथीची पट्टी आणि तिची मिरच्या-वांग्यांची, शेजारी शेजारी. पाण्याची टाकी दोघींत एक, आणि मी झारी भरायला जावं तर टाकीचा तळ दिसायचा. एक दिवस मी तिला मराठीतच चार शब्द सुनावले, तिने मला तुर्कीत सुनावले. दोघींचं बोलून झाल्यावर तिने डबा उघडला आणि मला द्राक्षाच्या पानात गुंडाळलेला भात खायला घातला. त्यानंतर कसलं भांडण करणार, कप्पाळ.

तिचं इंग्रजी बसमध्ये चढण्या-उतरण्यापुरतं. बाकी सगळं तिचा मुलगा इहसान मला इंग्रजीत करून सांगायचा. तो मिनीकॅब चालवायचा, रविवारी आईला सोडायला यायचा आणि तिथेच रेंगाळायचा. मला आब्ला म्हणायचा, म्हणजे ताई. आजी बोलायची, तो सांगायचा, आणि मी तण उपटता उपटता आग्नेय तुर्कस्तानातला एक आख्खा तालुका शिकले.

हाल्फेती त्याचं नाव. वर लाल मातीचं उघडं पठार, त्यात पिस्त्याच्या बागा. पठार संपलं की एकदम कडा, आणि कड्याखाली फरात, म्हणजे युफ्रेटिस नदी. घरं उतारावर एकाखाली एक, खालच्याचं छप्पर ते वरच्याचं अंगण. अगदी तळाशी नदीकाठी गाळाची राखाडी जमीन, तिथे भाजीचे मळे, डाळिंबं आणि आजीच्या गावाचं कब्रस्तान. नदीच्या वरच्या अंगाला रुमकाले नावाचा किल्ला. तिथे कधीकाळी आर्मेनियन धर्मगुरूंची गादी होती, मग इजिप्तच्या सुलतानाने तो जिंकला, मग ऑटोमन आले. आजीला त्याचं काही कौतुक नव्हतं. "आले कोण कोण आणि गेले," ती म्हणायची. "शेळ्या मात्र आमच्याच चरायच्या तिथे."

तिचा नवरा रेशित त्या नदीकाठच्या कब्रस्तानात होता. इहसान दर उन्हाळ्यात गावी जायचा. निघताना आजी त्याच्या गाडीमागे रस्त्यावर तांब्याभर पाणी ओतायची. पाण्यासारखा जा, पाण्यासारखा परत ये, अशी त्यांच्यात रीत आहे. पलीकडचे गोरे पडदा सरकवून बघायचे, हिला काय त्याचं. तो परत आला की ती एकच विचारायची, "बाबांच्या कबरीवर पाणी घातलंस?" तेही त्यांच्यात करतात. तो म्हणायचा, "घातलं," आणि कबरीवरची म्हणून मूठभर माती तिच्या ओंजळीत द्यायचा. ती तिने आपल्या पट्टीच्या कडेला एका कुंडीत जमवली होती आणि त्यात गुलाब लावला होता. आपल्याला रेशितशेजारी पुरायचं, हे तिने मला इतक्यांदा सांगितलं की ते तुर्की वाक्य माझं पाठ झालं.

दोन हजार सातच्या उन्हाळ्यात तिच्या किडन्यांनी हात टेकले. डॉक्टर म्हणाले, आता फार दिवस नाहीत. इहसान मला अलॉटमेंटवरच्या शेडमध्ये घेऊन गेला आणि रडायलाच लागला.

"आब्ला, कबर नाहीये तिथे. दोन हजार साली बिरेजिकचं धरण झालं. आमचं गाव पाण्याखाली गेलं."

ज्यांची माणसं तिथे होती, त्यांनी आपापल्या मयतांच्या अस्थी वर पठारावर नेल्या. इहसानचा पासपोर्ट तेव्हा व्हिसाच्या अर्जात अडकलेला. बाप खालीच राहिला. आईला त्याने सांगितलं नाही, आणि तिकडच्या नातेवाइकांनाही तंबी दिली.

"आणि ती माती?" मी विचारलं.

"वरच्या नव्या कब्रस्तानातली."

माझं आजोळ कोयनेच्या धरणात गेलेलं. आई जन्मभर हळहळली, पण निदान कशासाठी हळहळायचं ते तिला ठाऊक होतं. मला काही मूग गिळून बसता येत नाही. "तिला फसवून भलत्याच जागी पुरणार आहेस?" मी म्हणाले. "सांगून टाक."

"ती त्या धक्क्यानेच जाईल."

"आणि नाही सांगितलंस तर तुला पुढे झोप लागेल का?"

पुढच्या रविवारी आजी तिच्या पट्टीवर घडीच्या खुर्चीत शाल पांघरून बसली होती. इहसान तिच्यासमोर उकिडवा बसला, बोलायला लागला आणि थांबला. परत लागला, परत थांबला. आजीने त्याचा हात धरला. मला खूण करून गुलाबाची कुंडी पुढे ओढायला लावली आणि बोटाने माती उकरली. मग ती बराच वेळ बोलत राहिली. इहसानची मान खाली.

"अरे, काय म्हणतेय मला सांगशील का?" मी म्हटलं.

"म्हणते, ही पठारावरची माती आहे. आमच्या कब्रस्तानातली राखाडी. लाल माती हातात पडली तेव्हा पहिल्याच वर्षी तिला कळलं, की खाली काही उरलेलं नाही."

"मग इतकी वर्षं बोलली का नाही?"

त्याने विचारलं. तिने त्याच्या गालावरून हात फिरवत उत्तर दिलं, आणि त्याने ते मला सांगितलं. "म्हणते, तू एवढ्या लांबून आणलेलं, तुला खोटं कसं म्हणू? पाणी घातलंस का म्हणून दरवर्षी विचारायचे. वाटायचं, एकदा तरी अडखळशील, मग तुला मोकळं करीन. पण तू कसला अडखळतोस."

मला रडू आवरेना, लपवत नाही. आजी मात्र हसत होती. "रेशितला पाण्याची काय कमी," ती म्हणाली. "आख्खी फरात आहे त्याच्यावर. मला वरच पुरा, लाल मातीत. पूर्वीही तो खाली मळ्यात असायचा आणि मी छपरावरून त्याला जेवायला हाका मारायचे."

नोव्हेंबरात ती गेली. तिला हीथ्रोहून नेणार होते, आणि इहसान बरोबर जाणार होता. त्यांच्या दारात त्याची गाडी सुरू झाली तेव्हा माझ्या लक्षात आलं, मागे पाणी ओतायला आता कुणीच नाही. मी आजीच्या घरात पळाले, तांब्या भरला आणि भर थंडीत चपलांवर पाणी उडवत रस्त्यावर ओतला. आरशात त्याला दिसलं असावं, कारण गाडी क्षणभर थांबली आणि मग गेली.

परत आला तो सरळ अलॉटमेंटवर माझ्याकडे. मूठ उघडून माझ्या हातावर माती ठेवली. लाल होती.

"ही तिच्या कबरीवरची आहे, आब्ला," तो म्हणाला. "खरी."

मी ती गुलाबाच्या कुंडीत घातली आणि वर पाणी घातलं.