लुगार्दाने सोललेली भिंत

लुगार्दाने पहिला घाव घातला तो देवाचं नाव घेऊन. कपाळ, छाती, दोन्ही खांदे असा क्रूस केला आणि हातोडा असा हाणला, की स्वयंपाकघराच्या बाहेरच्या भिंतीला मोठी भेग पडली. देवाचं नाव घेऊन इतक्या रागाने काही केलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

आमची घरं शेजारी, मध्ये फक्त पाण्याचा पाट. न्यू मेक्सिकोतल्या या डोंगरी खेड्यात मी सव्वीस वर्षं राहते, आणि तेवढीच वर्षं तिला ओळखते. वय त्रेसष्ट, हाडं रुंद, आवाज फाटका. शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं राबली, लग्न केलं नाही, आईला शेवटपर्यंत सांभाळलं. आई गावातली नावाजलेली गिलावा करणारी. इथे कच्च्या विटा रचायच्या पुरुषांनी, पण भिंत लिंपायची बायकांनीच. माती चाळायची, गव्हाचं काड घालून भिजवायची, हाताने थापायची आणि मेंढीच्या कातड्याने गुळगुळीत करायची. दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा तेच. आई गेली तेव्हा तिच्या बोटांच्या खुणा भिंतीवर होत्या.

अकरा वर्षांपूर्वी धाकट्या भावाने, दिमासने, त्या खुणांवर खुराड्याची तारजाळी ठोकली आणि वरून सिमेंट मारलं. आता कटकट मिटली, म्हणाला. मातीच्या भिंतीत मुरलेलं पाणी उन्हाने बाहेर निघून जातं. सिमेंटने ती वाटच बंद केली. यंदा तडे गेले, भिंत तळाशी फुगली. दिमासने काय करावं? तडे बुजवून आणखी एक थर द्यायला शनिवारी सिमेंटवाला बोलावला! तो थर बसला असता, तर आत किती कुजलंय ते छप्पर खाली आल्यावरच कळलं असतं.

लुगार्दाची तयारी आठ दिवस चालली होती. खड्ड्यात माती आणि काड मुरत होतं. कोंबड्यांच्या खोपटावर तिने मातीचे तीन नमुने थापून ठेवले होते, प्रत्येकात वाळू वेगळी. कुठला तडकतो ते बघायला. मंगळवारी सकाळी तिने स्वयंपाकघराच्या कोनाड्यातली सान इसिद्रो या शेतकऱ्यांच्या संताची लाकडी मूर्ती माझ्याकडे आणून दिली. "हादऱ्याने पडेल. तुझ्या देवाजवळ ठेव." मी बाळकृष्णाशेजारी ठेवली आणि तिच्यामागे गेले.

दहा-बारा घाव झाले असतील, तेवढ्यात दिमासचा ट्रक आला.

"काय गं ताई, हातोडा घेऊन माझं डोकं फोडायला निघालीस का?"

"तिकडेच निघाले होते. वाटेत भिंत लागली."

"शनिवारी माणूस येतोय. दोन तासांचं काम."

"त्याला म्हणावं, तसाच पुढे जा आणि आईच्या थडग्यावरही एक थर मार."

दिमास लालबुंद झाला. "सगळं माझ्यावरच ढकल! जाळी ठोकत होतो तेव्हा खिळे कोण देत होतं? 'सुटले एकदाची या चिखलातून' असं कोण म्हणालं होतं?"

हातोडा थांबला. मी खाली बघितलं. मग तिने आधीपेक्षा जोरात घाव घातला.

"मी म्हणाले होते. म्हणून तर मीच फोडतेय."

त्या घावाने परातीएवढा पोपडा सुटला आणि जाळीला लोंबकळला. मागची माती काळीभोर, ओली. तीन आठवड्यांत पावसाचा थेंब नव्हता. लुगार्दाने भावाचं मनगट धरलं.

"घाल हात. घाल म्हणते ना!"

गंजून तुटलेल्या जाळीतून त्याचा हात कोपरापर्यंत आत गेला. बाहेर आला तेव्हा मुठीत चिखल होता. एके काळी ती वीट होती. वर बरोबर छपराची तुळई टेकलेली, तिच्याखालून माती भुरभुरत होती.

दिमासने हात विजारीला पुसला, ट्रकमध्ये बसला आणि निघून गेला.

"पळाला," लुगार्दा म्हणाली. "आईच्या आजारपणातही असाच पळाला होता."

"तू आता तुळईखाली उभी राहू नकोस," मी म्हटलं.

"मग कोण राहणार?" ती माझ्यावरच खेकसली.

अर्ध्या तासाने ट्रक परत आला. मागे चार जाडजूड ओंडके होते. "सिमेंटवाल्याला नको म्हणून सांगितलं," दिमास जमिनीकडे बघत म्हणाला. आम्ही तिघांनी आतून-बाहेरून तुळईला टेकू दिले. कुजलेल्या विटा काढायच्या, नव्या बसवायच्या, भिंत वाळू द्यायची, मग लिंपण. आणि हे सगळं बर्फ पडायच्या आत.

त्याला वाटलं असावं, आता ताई निवळली. कॉफी आहे का, म्हणून विचारलं त्याने.

लुगार्दाने पक्कड उचलली. हातात दिली नाही, त्याच्या पायाशी टाकली.

"खिळे मी दिले होते, ते मी काढते. जाळी तुझी. उपट."