मनुबाईचे मालक न्यायाधीश झाले

मनुबाईचा नवरा अर्जुना वारला तेव्हा घरात त्याचा एकही फोटो नव्हता. आधार कार्ड होतं, पण त्यावरचं तोंड तेवढं कोकरानं खाल्लं होतं. वर्षश्राद्धाला हार कुठल्या फोटोला घालायचा, या काळजीनं ती आटपाडीच्या फ्रेमवाल्याकडं गेली. तिथं रद्दीतून आलेलं एक जुनं छापील चित्र होतं: काळा झगा, पांढरे कल्ले, घट्ट मिटलेले ओठ.

मनुबाईनं डोक्यावर पदर घेतला. "ह्ये तर आमचं मालक!"

"आजी, खाली इंग्रजीत कायतरी लिवलंय."

"असू दे. त्यास्नी तरी कुठं वाचता येत हुतं?"

सांगलीत वकिली शिकणारी नात उत्कर्षा सुट्टीला आली. तिनं घरात टांगलेल्या चित्राखालची ओळ वाचली. "आज्जे, हा अमेरिकेतला न्यायाधीश आहे. मरून दीडशे वर्षं झाली."

"मेल्यात त्ये ठाव हाय मला. पर न्यायाधीश झालं व्हय?" मनुबाईनं पदर डोळ्यांना लावला. "जित्तेपनी कुनाच्या भांडनात पडलं न्हाईत. वर जाऊन लय सुधारलं."

बातमी वस्तीभर झाली. वस्तीतल्या गुंडा आणि ज्ञानूचं एका एडक्याच्या मालकीवरून वर्षभर वाकडं होतं. दोघं चित्रासमोर बसले. न्यायाधीश बघत राहिले. थोड्या वेळानं गुंडाला घाम फुटला. "नगा असं बघू," तो म्हणाला, "एडका ज्ञानूचाच हाय." मग पार खरसुंडी गावापर्यंतची भांडणं यायला लागली.

हे ऐकून अर्जुनाचा धाकटा भाऊ धनाजी आला. "वयनी, भाऊ माझा हुता. फोटू माझ्या घरी पायजे."

"भावजी, हार मी रोज घालती. आन् फोटू तुमाला?"

आता हा तंटा कुणापुढं न्यायचा? उत्कर्षानं स्पष्ट सांगितलं, "स्वतःच्या खटल्यात न्यायाधीशाला बसता येत नाही." म्हणून चित्र भिंतीकडं तोंड करून ठेवलं आणि पंचांनी दबक्या आवाजात सुनावणी घेतली. मधेच मनुबाई रडली. मालकांनी पाठ फिरवलेली तिला बघवेना. तिला रडताना बघून धनाजीही विरघळला. त्यानं चित्र सुलटं केलं, पाया पडला आणि एका झेरॉक्सवर राजी झाला.

आटपाडीतली रंगीत झेरॉक्स जरा निळसर आली. उत्कर्षा म्हणाली, दुसरी काढू.

धनाजीनं ती उन्हात धरून नीट न्याहाळली. "नगं," तो म्हणाला. "थंडीत मेंढरामागनं आला की दादा असाच दिसायचा."