प्रागमध्ये दोन किटल्या

माझी पहिली तक्रार चिवड्याबद्दल आहे आणि ती मी पूर्ण गांभीर्याने नोंदवतो आहे. बहारीनहून निघण्यापूर्वी आमचा तोंडी करार झाला होता: किटली मी आणायची, चिवडा सायमनने. प्रागच्या हॉटेलात बॅगा उघडल्या तर किटल्या दोन आणि चिवडा शून्य.

"तूच म्हणालास ना किटली आण म्हणून?" सायमन म्हणाला.

मी असं काहीही म्हणालो नव्हतो. नाश्त्याला थंड चीज आणि त्याहून थंड हॅम मिळणाऱ्या देशात शाकाहारी माणसाला असं उघड्यावर टाकणं याला शास्त्रात प्रायश्चित्त नसावं.

सायमन (नाव बदललं आहे, त्याच्या संमतीने) मूळचा वसईचा. मनामातल्या एका बांधकाम कंपनीत सव्वीस वर्षं ड्राफ्ट्समन. तिथल्या अमवाज बेटांवर एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं असे जे व्हिला आहेत, तसल्यांचे नकाशे त्याने शेकड्याने काढले. टेबलावर मात्र जुन्या कॅलेंडरातून कापलेलं प्रागच्या कॅथीड्रलच्या छताचं चित्र. आम्ही मनामाच्या अदलिया भागात एकाच इमारतीत राहतो, दोघांचीही कुटुंबं तिकडे भारतात. मी पाठशाळेत शिकलेला, म्हणून त्याच्या लेखी मी पंडित. रमजानात एकदा तो अचानक म्हणाला, "पंडित, ते छत बघायला जायचं. याच वर्षी." याच वर्षी का, हे मी विचारलं नाही.

जाणाऱ्यांसाठी: व्हिसाला कंपनीचं लीव्ह लेटर, पगाराचा दाखला आणि परतल्यावरही निदान तीन महिने चालेल असा बहारीनचा रेसिडेन्स परवाना लागतो. आम्ही दोहामार्गे गेलो. नोव्हेंबरात हॉटेलं स्वस्त असतात, कारण शहाणी माणसं तेव्हा येत नाहीत. आकाश ओल्या सिमेंटसारखं, चारलाच दिवे लागतात. ट्रामचं तिकीट घेऊन भागत नाही, आत चढून मशीनमध्ये त्यावर शिक्का मारावा लागतो, नाहीतर दंड.

पहिला दिवस जुन्या शहरात गेला. चौकातल्या घड्याळात तासातासाला एक हाडांचा सापळा घंटा वाजवतो, आणि खाली दोनशे माणसं फोन उंचावून आनंदाने बघतात. पुलावर नदीवरचा वारा कानात सुईसारखा शिरत होता. सायमन मात्र रंगात होता. दर कोपऱ्यावर खिशातली छोटी वही काढून काहीतरी रेखाटायचा. मी डोकावलो की मिटायचा. "परीक्षेत कॉपी नाय करायची, पंडित."

दुसऱ्या दिवशी बावीस नंबरच्या ट्रामने किल्ल्यावर गेलो, कॅथीड्रल तिथेच आहे. सकाळी लवकर जा, अकरानंतर रांग सरकत नाही. आत शिरल्यावर सायमन मान वर करून उभा राहिला. बराच वेळ. मग हळू आवाजात शिकवू लागला. "त्या फासळ्या बघ. जाळ्यासारख्या. आता वजन कसं उतरतं बघ. इकडून खांबात, उरलेलं भिंतीबाहेरच्या कमानीत. सहाशे वर्षं झाली, एकानेही आपलं वजन दुसऱ्यावर ढकललेलं नाही. आमच्या ऑफिसात असं एक माणूस दाखव." मग बाकावर बसून तो मराठीतून प्रार्थना म्हणू लागला, एकाही शब्दाला न अडखळता.

मला मनोऱ्यावर चढायचं होतं. तिकीट वेगळं, पायऱ्या पावणेतीनशेच्या वर. "इथून हलू नकोस," मी म्हणालो. "यल्ला, जा तू," तो म्हणाला.

धापा टाकत उतरलो तेव्हा बाक रिकामा होता.

पाऊण तास शोधलं. सायमन ट्रामच्या थांब्यावर सापडला. एका म्हाताऱ्या चेक गृहस्थासमोर त्याने आपलं बहारीनचं रेसिडेंट कार्ड धरलं होतं आणि आपण तिकडे टॅक्सीवाल्याला अरबीत 'मित्रा' म्हणून पत्ता विचारतो तसं विचारत होता, "सदीक, अदलिया? अदलिया?" ते गृहस्थ कार्डावरचा फोटो नम्रपणे बघत होते.

मी हाक मारली. सायमनने माझ्याकडे पाहिलं. मग खिशातून वही काढली, दोन-तीन पानं उलटली, पुन्हा माझ्याकडे पाहिलं. "पंडित," तो म्हणाला. वाचून.

जवळच्या खानावळीत बटाट्याचं सूप मागवलं. त्याने वही स्वतःच पुढे सरकवली. मला वाटत होतं, आत कमानी असतील. हॉटेलपासून ट्रामपर्यंतचा नकाशा होता, मोजमापासकट. खोलीचा नंबर. अदलियातल्या घरापासून ऑफिसपर्यंतचा रस्ता. आणि एका पानावर माझा चेहरा, खाली त्याच्या सुबक अक्षरात: पंडित. मित्र. चौथा मजला. चहात साखर नाही.

"कधीपासून?"

"वर्ष झालं असेल. ते पण लिहायला हवं होतं."

"डॉक्टरकडे गेलास?"

"गेलो की कागद होतो. कंपनीला कळलं की नोकरी खलास, मग व्हिसा खलास. पोरीच्या नर्सिंगची दोन वर्षं राहिलीत." त्याने चमचा पुसून बाजूला ठेवला. "छत तेवढं बघायचं होतं, लक्षात आहे तोवर. सूप घे, थंड होतंय."

संध्याकाळी वसईहून त्याच्या बायकोचा, मोनिकाचा, व्हिडिओ कॉल आला. "भावोजी, ह्यांनी स्वेटर घातलाय ना? हल्ली फार विसरतात हो."

"घातलाय," मी म्हणालो. "आणि विसरत कसले? माझा चिवडा मुद्दाम आणला नाही." ती हसली. सायमनही हसला.

आता परत येऊन तीन आठवडे झाले. प्रागला जरूर जा. छत खरोखर तसं आहे. हा मजकूर टाकण्याआधी मी सायमनला वाचून दाखवला. तो म्हणाला, "टाक. मोनिका वाचणार नाही, तिला तुझं संस्कृत झेपत नाही." जाताना दारात थांबून म्हणाला, "वाईट वाटलं रे त्या माणसाचं. आपल्याच इमारतीत राहतो का?"

तो थट्टा करत होता की नाही, मला कळलं नाही. मी विचारलंही नाही.

चिवड्याचं काही नाही. मला काळजी ही आहे की सायमन रोज सकाळी आठ वाजता ऑफिसात बसून खांब आणि तुळया काढतो. तपासायला इंजिनिअर आहे, पण तो सायमनची सव्वीस वर्षं बघून सही करतो. त्या कागदांवरून घरं उभी राहतात आणि त्यांत माणसं झोपतात. हे मला माहीत आहे आणि त्याच्या ऑफिसात मी अजून कुणालाही सांगितलेलं नाही.