उलट्या काकांची सोपी वाट

उलटे काका फिरायच्या वाटेचा कागद शेवटापासून वाचायचे. शेवटचं वाक्य आधी, मग त्याच्या वरचं, असं करत पहिल्या वाक्याशी पोचलं की फिरणं संपलं. कागदावर 'डावीकडे वळा' असलं की उजवीकडे वळायचं, 'चढ लागेल' असलं की उतरायचं. हे सगळं मनातल्या मनात उलटं करायचं काम माझ्याकडे होतं, कारण कागद जर्मनमध्ये असे आणि "तू इथं मास्टर्स करतेस ना, मग?" हा काकांचा बिनतोड युक्तिवाद असे. डार्मश्टाटच्या जंगलात मी जितक्या वेळा वाट चुकले तितक्या वेळा आयुष्यात कुठेच चुकले नाही.

मी २०१३ साली नाशिकहून तिथल्या विद्यापीठात आले. काका मूळचे नागपूरचे, एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत कामाला, आणि माझी खोली नेमकी त्यांच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर. टपालपेटीवरचं माझं आडनाव वाचून त्यांनी जिन्यात "जय भीम" म्हटलं, मीही म्हटलं, आणि पुढच्याच रविवारी सकाळी नऊला माझी बेल वाजली. दारात काका, पायांत जाड बूट, हातात थर्मास. मागे काकू, हातात काठी आणि मार्गारिनच्या रिकाम्या डब्यात भरलेला चिवडा. "चल, एक सोपी वाट आहे," काका म्हणाले. मला वाटलं, बाजारात जायचंय. पुढची पाच वर्षं माझे बहुतेक रविवार असेच गेले.

सोप्या वाटेची गोष्ट काकूंनी मला पहिल्याच दिवशी सांगितली. त्यांना आदल्या वर्षी अर्धांगाचा हलका झटका येऊन गेला होता. बोलणं परत आलं, पण डावा पाय ओढत राहिला. डॉक्टर म्हणाले, चाला. काकांना तेवढंच निमित्त हवं होतं. पंचवीस वर्षांपूर्वी, काकू नागपुरात असताना, काका शिकायला म्हणून सहा महिने स्कॉटलंडमध्ये होते. एका सुट्टीच्या दिवशी ते बोटीने तिथल्या एका बेटावर गेले आणि धक्क्यावरच्या दुकानातून हिरव्या रंगाची एक पातळ पुस्तिका घेऊन आले. बेटावरच्या अकरा सोप्या वाटा, काही समुद्रकाठच्या, काही रानातल्या. त्यांपैकी चौथी ते स्वतः चालले, चार किलोमीटरची. मग काकूंना पत्र लिहिलं, 'तुला इथे आणणार.' काकूंनी तोवर समुद्र पाहिला नव्हता. पुढे मुंबईत पाहिला. "पण तो सगळ्यांचा," त्या म्हणायच्या, "ह्यांनी कबूल केलेला तो नव्हे."

तेव्हा घरातला नियम असा ठरला होता की काकू चार किलोमीटर न बसता चालल्या, की बेटावर जायचं. मी आले तेव्हा त्या सातशे मीटरवर होत्या.

उलटं चालण्याचं कारण मी तिसऱ्या रविवारी विचारलं. या वाटा गोल असतात, जिथून निघायचं तिथेच परत. कागदावर त्या बहुधा घड्याळाच्या उलट्या दिशेने काढलेल्या असत, आणि ते काकांना पाहवत नसे. "लहानपणी बाबांचं बोट धरून दीक्षाभूमीला गेलो," ते म्हणाले, "तेव्हा त्यांनी सांगितलं, मधलं जे आहे ते उजव्या हाताला ठेवायचं. बस्स." मी म्हटलं, "काका, तिथं मध्ये स्तूप आहे. इथं मध्ये सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट आहे." नकाशात तसं स्पष्ट लिहिलं होतं. काकांनी चष्मा वर करून माझ्याकडे पाहिलं. "तुला तो दिसतोय का इथून? नाही ना? मग काहून एवढा विचार करतेस?" आमच्या घरी बुद्धवंदना रोज होत असे, प्रदक्षिणाही मला नवी नव्हती, पण जर्मन जंगलाला घालतात हे माहीत नव्हतं.

उलट जाण्याचा एक परिणाम मात्र मजेदार होता. रविवारी अख्खं डार्मश्टाट त्या वाटांवर असायचं आणि ते सगळे आम्हाला समोरून भेटायचे. दोन काठ्या घेतलेल्या एक जर्मन आजी हात वर करून सांगायच्या की तुम्ही चुकीच्या बाजूने चाललाय. काका हसून "या, या, गेनाऊ," म्हणजे 'हो, हो, अगदी बरोबर,' म्हणायचे आणि त्याच बाजूने पुढे जायचे. मला लाज वाटायची. "अगं, सगळ्यांच्या बरोबर गेलो असतो तर नुसत्या पाठी दिसल्या असत्या," काका म्हणायचे. "हिला माणसांचे चेहरे लागतात." काकूंना खरंच लागायचे. घरात त्या दिवसभर एकट्या असत.

चालताना काकांचं बोलणं एकच. "आता आलंच." सातशे मीटर असोत की तीन किलोमीटर, आता आलंच. काकू थकून थांबल्या की बेटाचं वर्णन सुरू व्हायचं. रानात वाट अरुंद होते, पायाखाली शेवाळ, कानाला नुसता आवाज येतो, दिसत काहीच नाही, आणि झाडं संपली की एकदम समुद्र! हा 'एकदम' ते असा म्हणायचे की काकू पुढचं पाऊल टाकायच्या. मी ते इतक्या वेळा ऐकलं की मला ते बेट पाठ झालं. पुस्तिका मात्र काका कोणाच्या हातात देत नसत, काकूंच्याही नाही. मी मागितली की म्हणायचे, "तिथं गेल्यावर." कधी कधी मला शंका यायची की हा गृहस्थ तिथे गेलाच नसावा. राग यायचा त्यांचा. तरी रविवारी नऊ वाजायच्या आत मी बूट घालून बसलेली असायची.

सन २०१७ च्या ऑक्टोबरात मी सगळ्यात मोठा गोंधळ घातला. काकांनी मला मदत म्हणून आदल्या दिवशीच कागदावर पेन्सिलीने डावीचं उजवी आणि उजवीचं डावी करून ठेवलं होतं. मला काय ठाऊक? मी ते पुन्हा उलटं केलं. उलट्याचं उलट झालं, आणि आम्ही कुठल्याशा घोड्यांच्या कुंपणापाशी, तिथून एका शेतात, शेवटी डांबरी रस्त्यावरच्या बसस्टॉपवर निघालो. रविवार असल्याने बस तासाभराने. काकू बाकावर टेकल्या आणि म्हणाल्या, "अहो, एकदा तरी सरळ वाचून बघा ना." मी रडायच्या बेतात होते. काकांचं लक्षच नव्हतं. ते फोनमध्ये किती चाललो ते बघत होते, मग त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. साडेचार किलोमीटर. "ही बसली का गं कुठं मध्ये?" त्यांनी मला हळूच विचारलं. मी आठवून पाहिलं. नव्हत्या बसल्या. काकांनी तिथेच, बसस्टॉपवर, चिवड्याचा डबा उघडून आधी काकूंच्या आणि मग माझ्या हातावर मूठ मूठ ठेवली, पेढे वाटावेत तशी.

आमचे सगळ्यांचे पासपोर्ट भारतीय, म्हणजे ब्रिटनला जायला व्हिसा हवा. कागद, फोटो, टेर्मिन म्हणजे भेटीची ठरलेली वेळ, पुन्हा कागद, असं करत एप्रिलमध्ये काका-काकूंचे व्हिसा आले, ऑक्टोबरपर्यंत चालणारे. जूनची तिकिटं काढली. मे महिन्यातल्या एका मंगळवारी काका प्रयोगशाळेत काम करता करता खाली बसले ते उठलेच नाहीत.

अंत्यविधीच्या हॉलमध्ये त्रिसरण-पंचशील मी म्हटलं. मग पेटीवर फुलं ठेवायची होती. जर्मन सहकारी नेहमीच्या रिवाजाने एका बाजूने रांग धरून उभे राहिले, आणि काकू काठी टेकत त्यांच्या समोरून, उलट्या बाजूने निघाल्या, पेटी उजव्या हाताला ठेवून. रांग क्षणभर गोंधळली, मग एकेक जण वळून त्यांच्या मागे गेला.

पंधरा दिवसांनी काकूंनी माझी बेल वाजवली. त्यांची मुलगी ऑस्ट्रेलियात, ती येऊन परत गेली होती. काकूंनी हिरवी पुस्तिका माझ्या हातात दिली आणि विचारलं, "येशील?" मी घाईघाईने माझा व्हिसा काढला आणि सप्टेंबरात आम्ही दोघी त्या बेटावर उतरलो.

बोटीवरून समुद्र दिसला तेव्हा काकू "हा नव्हे तो," एवढंच म्हणाल्या होत्या, आणि आता दमून गाडीत डोळे मिटून होत्या. भाड्याची गाडी चौथ्या वाटेच्या वाहनतळावर लावून मी पुस्तिका उघडली आणि पहिलं वाक्य वाचलं. 'गाडी लावून उजवीकडे जा. शंभर पावलांवर समुद्रकिनारा आहे.' मी ते दोनदा वाचलं. उजवीकडे झुडपांची एक रांग होती आणि तिच्यापलीकडे तो होता, काकूंनी पाच वर्षं ज्याच्यासाठी पाय ओढला तो समुद्र. डावीकडे रान होतं. काकांनी सवयीने प्रदक्षिणा घातली होती, की हे असं आहे हे बघून ठरवून काकूंसाठी रान आधी ठेवलं होतं, मला अजून कळलेलं नाही. त्या क्षणी तर काहीच कळत नव्हतं.

"कुठून जायचं गं?" काकूंनी विचारलं.

"डावीकडून," मी म्हटलं.

आम्हाला दोन तास लागले. वाट खरंच अरुंद झाली, पायाखाली शेवाळ आलं, आवाज आला. काकू एकदाही बसल्या नाहीत. मी मध्ये मध्ये "आता आलंच" म्हणत होते आणि माझा आवाज मलाच ओळखू येत नव्हता. मग झाडं संपली. काकू उभ्याच राहिल्या. त्यांनी माझा हात घट्ट धरला.

किनाऱ्याने चालत आम्ही शेवटच्या बाकापर्यंत आलो आणि टेकलो. मी चिवड्याचा डबा उघडला. काकूंनी मान वळवली तर झुडपांवरून आमच्या गाडीचं छत दिसत होतं.

"गाडी इथंच होती होय?"

"हो, काकू."

त्यांनी पुन्हा समुद्राकडे तोंड केलं, चिमूटभर चिवडा तोंडात टाकला.

"त्यांना सांगू नकोस हं," त्या म्हणाल्या, "मला कळलं म्हणून."

मी म्हटलं, नाही सांगणार.