भारत चिकटला

आमचा अंबड रस्ता डांबरी झाला, त्याच दिवशी माझं नाव झालं. भाड्याची सायकल, पॅडलला न पोचणारे पाय आणि 'मला येते' हा जन्मजात गैरसमज. खडी टाकणाऱ्या बायका ओरडत असताना मी निवत आलेल्या डांबरात ऐटीत घुसलो आणि आडवा झालो. त्यांच्यातल्या, आमच्या शेजारच्या बेबीनंदामावशीनं मला उचकटून काढलं, रॉकेलनं घासलं. चड्डी मात्र रस्त्यानं ठेवून घेतली. तेव्हापासून त्या वळणाचं नाव 'भारत चिकटला'.

पुढं मी भूगोलाचा मास्तर झालो, तरी ऑटोवाले तेच नाव ओरडायचे. मी आधीच्या थांब्यावर उतरून चालत घरी यायचो.

मग ज्वारीची शेतं जाऊन शोरूम आली, मंगल कार्यालयं आली. रस्ता सिमेंटचा झाला, वळणही सरळ झालं. जुन्या ऑटोवाल्यांबरोबर माझं नावही गेलं. खोटं कशाला बोलू, मला हायसं वाटलं.

मावशी आता ऐंशीला टेकली. दर रविवारी नवीन जालन्यातल्या विहारात ती एकटी जायची. गेल्या महिन्यात परतताना तिनं सांगितलं, "भारत चिकटला तिथं सोड." नव्या ऑटोवाल्या पोराला वाटलं, म्हातारी बरळतेय. त्यानं तिला भलत्याच ठिकाणी उतरवलं. मुलीला, ज्योत्स्नाला, ती सापडली तेव्हा दुभाजकावर बसून होती.

"आता एकटीनं जायचं न्हाई," ज्योत्स्ना म्हणाली.

"समोरच्या शोरूमचं नाव पाठ कर ना," मी शहाणपणा शिकवला.

"दुकानं रोज बदलून राह्यलीत. मी काय काय पाठ करू?" म्हणत मावशी भिंतीकडं तोंड करून बसली. जेवलीही नाही. मला ते बघवेना.

मी स्टेशनसमोरच्या ऑटो स्टँडवर गेलो. तिथल्या पोरांना जमवून स्वतःच्या तोंडानं सगळी हकीकत सांगितली.

"रडले का, सर?"

"बिलकुल न्हाई."

"मंग चड्डीचं काय झालं?"

तेही सांगितलं. वर्गात एवढं लक्ष देऊन माझं कुणी कधी ऐकलं नव्हतं.

मग ज्योत्स्नाचीही समजूत घातली. रविवारी मावशी परतायच्या वेळी मी उगाचच दारात उभा होतो. ऑटो थांबला. पोरानं अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल अशी आरोळी ठोकली, "चला, भारत चिकटला!" शोरूमपुढची माणसं वळून बघायला लागली. मावशी सावकाश उतरली. मी तिची पिशवी घ्यायला धावलो.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "घर म्हाईत हाय मला." आणि माझ्या पुढून चालायला लागली.