चाळीसच्या आत

क्लच जळाल्याचा वास आला की मला अण्णांची, माझ्या वडिलांची, अंत्ययात्रा आठवते. आमची घरची लांबलचक गाडी वरून तशीच मळकट, पण अण्णा बोलतील म्हणून दादानं दुरुस्तीच्या नावाखाली तिच्यात गुपचूप दुप्पट ताकदीचं इंजिन बसवलं होतं. अण्णांच्या हातात वेगाचा काटा कधी चाळीसच्या पुढं जात नसे. ते गेले तेव्हा मागच्या सीटा पाडून त्यांना त्याच गाडीत ठेवलं आणि आम्ही शहरातून फुलंब्रीजवळच्या गावी निघालो. वेशीपासून भजनी मंडळी पुढं चालू लागली. पळण्यासाठी केलेल्या गाडीला माणसांच्या पावलानं चालणं जमेना. ती हिसके द्यायची, आणि क्लचचा जळका वास उदबत्तीत मिसळला. मागं अण्णांचं डोकं हलताना आरशात दिसलं तसा गाडी चालवणारा दादा रडायलाच लागला, "आई, मी अण्णांना फसवलं गं." आई समोर बघत म्हणाली, "रोज चालवणाऱ्याला कळत नाय व्हय? पहिल्याच दिवशी वळखलं त्यांनी. म्हणायचे, बघू, पोरगं आपणहून कधी मला शेजारी बसवून गाडी पळवतंय." दादा आता साठीला आलाय. गाडी अजून त्याच्याकडंच आहे, पण काटा चाळीसच्या पुढं जात नाही.