निळ्या काठाचा वाडगा

शेवटची भेट आमच्या दोन घरांमधल्या बुटक्या भिंतीवर झाली. संध्याकाळी मार्तानं पलीकडून वाडगा सरकवला. पांढरा, निळ्या काठाचा, एका बाजूला टवका उडालेला. त्यात मोसंबीच्या सालींचा मुरंबा होता. "अक्का, ह्या बारीला कडू कमी झालाय बघ," ती म्हणाली. मी चाखला, तोंड वाकडं केलं आणि म्हटलं, "साली शेळीला घालायच्या असतात गं बाई." हे आमचं दर वर्षीचं भांडण. ती हसत आत गेली. सकाळी दूधवाल्यानं तिच्या दारात हाका मारल्या, ओ आली नाही, म्हणून त्यानं मला बोलावलं. झोपेतच गेली होती. मी तिथंच पलंगाच्या काठावर बसून राहिले... दूधवाला दारात किटली घेऊन उभा होता.

मार्ता माझी धाकटी जाऊ. जन्मानं पोलंडची. आमच्या सासऱ्यांनी हयात मेंढरांमागे काढली, त्यांचा धाकटा मुलगा, म्हणजे आमचे विश्वासभावजी, इंजिनिअर होऊन जगभर हिंडले आणि वाटेत कुठंतरी त्यांना ही भेटली. दुबई, सिंगापूर, फ्रँकफर्ट, कंपनी म्हणेल तिथं बिऱ्हाड. पुढं भावजींचं हृदय थकलं, त्यांना शेताजवळ राहावंसं वाटू लागलं, आणि ही बाई त्यांच्यासोबत चक्क केदारखेड्याला राहायला आली. उन्हाळा येऊ द्या, पळते का नाही बघा, असं गाव म्हणत होतं. गाव कशाला, मीच म्हणत होते. उन्हाळा आला नि गेला. मार्ता डोक्याला ओला टॉवेल गुंडाळून लिंबाखाली बसायची आणि कौसाबाईकडून मराठी शिकायची. कौसाबाई म्हणजे आमच्या समोरची शेळ्या राखणारी बाई, तोंडानं फटकळ नि मनानं राजा. त्यामुळे मार्ताची मराठी थेट गल्लीतली. मी मास्तरीण, जन्मभर वर्गात पोरांचं 'गेल्तो-आल्तो' सुधारलं, आणि माझी गोरीपान जाऊ भिंतीवरून मला सांगायची, "अक्का, मी शेतात गेल्ते." कपाळाला हात लावायचा, दुसरं काय!

पण मला सांगायचंय ते तिच्या पहिल्या आठवड्यातलं. कौसाबाईनं नव्या शेजारणीला येसराची आमटी पाठवली होती. भाजलेल्या डाळी-धान्यांची नि मसाल्यांची पूड घालून करतात ती. मार्तानं भगुनं लख्ख घासलं, तासाभरात नेऊन दिलं आणि वर हात जोडून आभारही मानले. कौसाबाई तणतणत माझ्याकडे आली. "बाई, तुमच्या जावंला आमच्याशी येणं-जाणं ठेवायचं न्हाई का? रिकामं भगुनं आणून दिलं की तोंडावर!" मंग... हे बघा, मलाही लागली तिची सवय. मग मी मार्ताला समोर बसवलं आणि माझ्या शाळेतल्या इंग्रजीत समजावलं की शेजारचं भांडं रिकामं पाठवायचं नसतं. भाजी असेल तर भाजी, नसेल तर गुळाचा खडा, तोही नसला तर चिमूटभर साखर. तिनं नीट ऐकून घेतलं. "मग त्या पुन्हा काहीतरी पाठवणार?" हो. "मग मी पुन्हा?" हो. "मग हे संपतं कधी?"

"संपत नाही," मी म्हटलं.

ती म्हणाली, त्या सगळ्या शहरांत आमचे शेजारी चांगले होते. लिफ्टमध्ये हसायचे, काही मागून नेलं तर संध्याकाळच्या आत आणून द्यायचे. सगळं वेळेवर परत व्हायचं. म्हणूनच घर बदललं की मागे काही उरायचं नाही... माझा या गल्लीत उभा जन्म गेला. हजारदा भांडी नेली-आणली असतील, पण ती आपल्याला एकमेकांना बांधून ठेवतात हे माझ्या कधी मनातही आलं नव्हतं.

याचा अर्थ तिला इथलं सगळं गोडच लागत होतं असं नाही. सिंगापूरच्या बागांची, तिथल्या वाचनालयाची, एकटीनं मनासारखं भटकण्याची तिला फार आठवण यायची. इथं पिशवी घेऊन निघालं की चार ओसऱ्यांवरून "कुठं निघाल्या?" आणि दुपारी दार लावून पडलं की "आजारी हाय का?" म्हणून कडी वाजायची. "शहरात माझं दार माझं होतं अक्का, इथं गल्लीचं हाय," ती चिडून म्हणायची. पण भांडं मात्र तिनं पुन्हा कधी रिकामं पाठवलं नाही. बिटाचं आंबट सार, उकडलेल्या बटाट्याचे उंडे, काय काय पाठवायची. पहिला उंडा खाऊन कौसाबाई मला विचारत होती, "ह्याला गोड म्हणावं का तिखट?"

मग विश्वासभावजी गेले. दुःखाच्या घरात चूल पेटत नाही. गल्लीनं पिठलं-भाकरी आणली, तिची ओसरी भांड्यांनी भरून गेली. वॉर्साहून तिच्या बहिणीचे, हान्नाचे, रोज फोन यायचे. ये आता, तिथं कुणासाठी राहतेस? तिकीट काढून झालं, बॅग ओसरीत येऊन उभी राहिली. मी तिला तोंडानं "जा, तुझी माणसं तिकडं आहेत" म्हणत होते आणि आत माझा जीव तुटत होता. नवरा गेल्यावर हिला थांब म्हणायचं तरी कुठल्या नात्यानं?

तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या सकाळी मार्ता भांड्यांची चळत घेऊन बाहेर पडली. दुःखात आलेली भांडी मात्र रिकामीच परत करायची असतात. त्या घरचं दुःख भांड्यातून दुसऱ्याच्या घरी जाऊ नये म्हणून. हा नियम तिला कुणी सांगितलाच नव्हता. असलं आधी कोण सांगून ठेवतं? तिनं कौसाबाईपुढे भगुनं धरलं. त्यात बटाट्याचे उंडे होते! दारादारांत बाया थबकल्या. कौसाबाईनं भगुन्याकडे पाहिलं, ओसरीतल्या बॅगेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी काही बोलणार तोच ती उंबऱ्यावर बसली, एक उंडा उचलला आणि सगळ्यांदेखत खाल्ला. "मीठ कमी हाय," ती म्हणाली, "पर चालतंय. उद्या येते भगुनं घेऊन." भावजी गेल्यापासून मार्ताच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. त्या उंबऱ्यावर ती हमसून हमसून रडली. बॅग आत गेली.

पुढं बऱ्याच दिवसांनी मी तिला तो नियम सांगितला. "रिकामं दिलं असतं तर संपलं असतं अक्का," ती एवढंच म्हणाली. शेवटपर्यंत इथंच राहिली. एवढी हिंमत कुठून आणली असेल तिनं... मला अजून नवल वाटतं.

आता ती गेल्यावर हान्नाला प्रवास झेपण्यासारखा नव्हता. फोनवर तिनं एकच वस्तू मागितली, निळ्या काठाचा वाडगा. त्यांच्या आईचा होता. माझ्या फडताळात तो अर्ध्या मुरंब्यासकट होता. रोज थोडा थोडा करून संपवला. कडूच झाला होता, पण मी चाटून-पुसून संपवला. मग वाडगा धुतला, त्यात येसराच्या पुडीची पिशवी गच्च भरून बसवली, सासऱ्यांच्या जुन्या घोंगडीच्या तुकड्यात गुंडाळला आणि भोकरदनला कुरिअरवाल्याकडे गेले. "मॅडम, नुसतं भांडं पाठवा की," तो म्हणाला, "वजनानं खर्चा वाढून राह्यला." "रिकामं पाठवत नसतेत," मी म्हटलं. माझ्याच तोंडची ती भाषा ऐकून मला हसू आलं नि मग रडू.

परवा हान्नाचा फोन आला. वाडगा पोचला होता. ही पूड कसली, तिनं विचारलं. मी आमटी कशी करायची ते सांगितलं, आणि भांडं भरून का पाठवलं तेही. "म्हणजे आता मी यात काहीतरी घालून परत पाठवायचं?" पाठव की, मी म्हटलं, फडताळात त्याची जागा मोकळीच ठेवली आहे. "आणि मग तुम्ही पुन्हा?" हो. मग अगदी मार्ताच्याच आवाजात, इंग्रजीत अडखळत, तिनं विचारलं, "मग हे संपतं कधी?"

मी भिंतीपलीकडे पाहिलं. मार्ताच्या दाराला कुलूप होतं.

"संपत नाही," मी म्हटलं.